एकविसाव्या दिवसाची झोप

सकाळचे दहा वाजले होते. महाराजांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध सतरंजीवर एक आंधळा माणूस मेल्यासारखा झोपला होता. कानाशी घंटा बडवली, तोंडावर गार पाणी मारलं. तो नुसता कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

"बघा!" महाराज गरजले. "रात्रभर हा टक्क जागा, दिवसा मढं! का? रात्रपाळीवाला शिरलाय याच्या अंगात. मेला तरी ड्युटी सोडत नाही!"

कोणी हसलं नाही. काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला भट्टी फुटली, त्याला दोन वर्षं झाली होती. याचा पाळीतला जोडीदार जागीच गेला आणि याचे दोन्ही डोळे काढावे लागले. जोडीदाराची बायको त्याच गल्लीत राहायची. महाराजांनी तिला भर बैठकीत "नवऱ्याला आवर" म्हणून जमिनीवर नाक घासायला लावलं होतं.

कोपऱ्यातल्या शेगडीत सळई तापत होती. झोपलेल्याची लेक त्या सळईकडे बघत उभी होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. आज बाबांच्या पापण्यांची पाळी होती.

हे चौथ्यांदा होत होतं. प्रत्येक वेळी महाराजांनी तळपायाला डाग दिला आणि एकवीस दिवसांचं व्रत सांगितलं: एकवेळ जेवण आणि मौन. प्रत्येक वेळी एकविसाव्या दिवशी बाबा रात्री साडेआठला लहान मुलासारखे झोपी गेले आणि गल्लीभर जयजयकार झाला. मग पंधरा-वीस दिवसांत झोप पुन्हा बिघडायची. "व्रतात खोट राहिली," महाराज म्हणायचे. खोट नेहमी घरच्यांची. तिसऱ्या खेपेला पाय सडला आणि दोन बोटं कापावी लागली.

एका रात्री बाबा अंधारात चाचपडत तिला म्हणाले होते, "पोरी, मला झोप येत नाही यात त्याचा काय दोष? जिवंतपणी माझ्याआधी घास घ्यायचा नाही तो."

पायामुळेच सगळं उलगडलं. रुग्णालयातून आल्यावर रोजचा ताप आणि झोपेची वेळ लिहून ठेवायला सांगितलं होतं. ताप उतरला, पण लेकीने वही सोडली नाही. दोन महिन्यांनी तिने झोपेच्या वेळा आलेखाच्या कागदावर मांडल्या. ठिपके इकडेतिकडे सांडतील असं तिला वाटलं होतं. पण पट्टी लावून ओढावी तशी एकच तिरकी रेघ उतरत गेली. रोज अर्धा तास उशीर, एकही दिवस खाडा नाही. भूत इतकं शिस्तीचं असतं?

तो कागद घेऊन ती डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत राहिल्या.

"मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक इवलासा पुंजका असतो," त्या म्हणाल्या. "तेच शरीराचं मुख्य घड्याळ. यकृत, आतडी यांचीही आपापली घड्याळं असतात, पण ती याच्याशी वेळ जुळवून घेतात. आणि हे घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांहून जरासं हळू चालतं. आपलं रोज कोण दुरुस्त करतं? उजेड. तो डोळ्यांवाटेच आत जातो. तुझ्या बाबांना ती वाटच उरली नाही. त्यांचा दिवस साडेचोवीस तासांचा झालाय, एवढंच."

"म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांत झोप फिरून जागेवर येणार?"

"आपोआप. कोणी काही करो न करो."

आईला तिने हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुझा कागद काय झोपवणार आहे त्यांना?"

आता महाराजांनी सळई उचलली, तशी लेक पुढे झाली.

"महाराज, गेल्या खेपेला आम्ही आठ दिवस आधी आलो होतो. परत का पाठवलंत?"

"घटका भरली नव्हती!"

"बाबा तेव्हा सकाळी सहाला झोपत होते. तेव्हा व्रत दिलं असतंत, तर एकविसाव्या दिवशी ते भर दुपारी साडेचारला झोपले असते. म्हणून तुम्ही थांबलात. सकाळी दहाला झोपायला लागले की मगच तुमची घटका भरते. तिथून एकवीस दिवस मोजले की रात्रीचे साडेआठ. कोंबडं तुमचं आरवतं, पण सूर्य काही तुम्ही उगववत नाही."

"चार बुकं शिकली आणि देवाला हिशेब शिकवायला निघाली!"

तिने खांबाला कागद चिकटवला. "पुढच्या एकवीस दिवसांच्या वेळा यात आहेत. दहाव्या दिवशी दुपारी तीन, एकविसाव्या रात्री साडेआठ. डाग नाही, व्रत नाही, पोटभर जेवण. या सगळ्यांनी घरी येऊन बघावं."

महाराज गडबडले. मग हसले. "झोपतील! मी इथून नुसती शक्ती पाठवीन."

"मग सळई कशाला?"

आई उठली. नवऱ्याच्या तोंडावर मारायला आणलेली पाण्याची बादली तिने उचलली आणि शेगडीवर पालथी केली.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी घरी डोकावून जायचं. वेळ पाव तास इकडेतिकडे व्हायची, तेवढंच. एकविसाव्या संध्याकाळी खोली भरली. आठ वाजून वीस मिनिटांनी बाबांनी जांभई दिली. साडेआठला ते झोपले.

कोणी जयजयकार केला नाही. आईने चादर ओढली. तीनच बोटं उरलेल्या पायावर तिचा हात थांबला, बराच वेळ. मग ती चपला न घालताच बाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाला, जोडीदाराच्या बायकोच्या दारात जाऊन उभी राहिली. आतून दार उघडायला वेळ लागला.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी ठरावीक वेळेला घ्यायची एक गोळी सुरू केली. घड्याळ त्या गोळीने जागेवर राहील, कदाचित राहणारही नाही. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. महाराजांनी कधीच "कदाचित" म्हटलं नव्हतं.

कोणी तारीख सांगून चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एक वही करा. रोजची वेळ लिहा. काहीच केलं नाही तर काय होतं, तेही एकदा बघा. वहीची पानं पुन्हा लिहिता येतात; पायाची बोटं येत नाहीत.