बर्फाविना बर्फतज्ज्ञ

यशपाल कांबळे जर्मनीत, आखनला, डोंगरातल्या बर्फावर पीएचडी करत होता, आणि २००७च्या त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फच पडला नाही. बर्फ मोजायची नळी खांद्यावर टाकून तो जवळच्या आयफेलच्या डोंगरात जायचा आणि बुटांना चिखल लावून परत यायचा. "मासे नसलेल्या तळ्यावरचा कोळी झालोय मी," असं तो बायकोला, मैत्रीला, सांगायचा.

फेब्रुवारीत तिथल्या धरणाच्या प्रमुख बाईंनी त्याला बोलावलं. वितळणाऱ्या बर्फासाठी धरणात जागा ठेवायची, म्हणजे आधी पाणी सोडायचं, असा नियम होता.

"हेर कांबळे," म्हणजे श्रीयुत कांबळे, "पाणी सोडू का?"

यशपाल मनात हिशेब मांडू लागला. अडवलं आणि मुसळधार पाऊस आला, तर खालच्या गावांत पूर. सोडलं आणि पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात नळ कोरडे. सगळा अभ्यास पणाला लावून तो म्हणाला, "आल्झो... तर मग, बर्फ नाही, म्हणजे वितळणारही नाही. दारं बंद ठेवा."

खिडकीतून बाहेर बघणाऱ्या कुणीही हेच सांगितलं असतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं. पण बाईंनी मान डोलावली.

एप्रिल जवळजवळ कोरडाच गेला. या धरणातलं पाणी मात्र टिकलं. यशपाल अभिमानाने फुगून मैत्रीला ते दाखवायला घेऊन गेला. बसमध्ये पुढच्या सीटवरची एक म्हातारी कुरकुरत होती, "काठावरची सगळी वाळू बुडवली! कोण गाढव पाणी अडवून बसलंय?"

मैत्रीने हसू दाबत नवऱ्याकडे पाहिलं.

"गेनाऊ," यशपाल म्हातारीला म्हणाला, "अगदी बरोबर. गाढवच असणार."