शंभर टक्के ताळा

आमच्या कामाची रीत साधी होती. डच भाषेतले लांबलचक जोडशब्द यायचे. प्रत्येक शब्दाचे उच्चाराप्रमाणे तुकडे पाडायचे आणि ज्या तुकड्यावर जोर, तिथे खूण करायची. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं यंत्र या खुणांवरून बोलायला शिकणार होतं. एकच यादी दोघांनी करायची, एकमेकांच्या कागदाकडे ढुंकूनही न बघता. मग आमच्या प्रमुख बाई ताळा घेणार, म्हणजे दोघांच्या किती खुणा जुळतात ते मोजणार. दोघांपैकी एक मी, दुसरा माझा सख्खा मोठा भाऊ.

त्या दिवशी बाई खूश होत्या. "चारशे शब्द, शंभर टक्के ताळा! सह्या करा, दुपारी पाठवते."

आमचा ताळा कधी चौऱ्याण्णवच्या वर गेला नव्हता. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. काम करण्याची क्षमता गेल्यावर मिळणाऱ्या विम्याला डचमध्ये एकच शब्द आहे: आर-बेइट्स-ऑन-खे-स्खिक्त-हेइट्स-फेर-झे-के-रिंग. दहा तुकडे, मुख्य जोर पहिल्यावर. मी नऊच पाडले होते, 'खे' गाळून, आणि जोर दिला होता 'हेइट्स'वर. घोडचूक. दादाच्या कागदावरही नऊच. 'खे' गायब, जोरही तिथेच.

अशी चूक दोन डोक्यांतून एकदम निघत नाही.

दादा चहा घेत होता. मी त्याला गाठलं. "माझ्या खणातून कागद काढलास?"

"हळू बोल. घाई होती गं. आणि भाषाविज्ञानाची पदवी कुणाकडे आहे? माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"विश्वास घरी ठेव. इथे तुझं काम माझ्यावर संशय घेण्याचं आहे!"

"एका शब्दासाठी भावाला तोंडघशी पाडणार? आई काय म्हणेल?"

"एका? चारशेतले किती चुकलेत, हे आता मलाही ठाऊक नाही, शहाण्या! ते सांगायलाच तू होतास."

"पाठवल्यावर कोण बघतंय?"

"बघणार कुणीच नाही. ऐकणार आहेत."

लाल पेनाने मी त्याच्या कागदावर आडवं लिहिलं, 'ही नक्कल आहे.' माझ्या कागदावर त्या शब्दाला गोल करून लिहिलं, 'चूक माझी.' दोन्ही कागद बाईंच्या टेबलावर आपटले.

बाईंचा चेहरा उतरला. "मग आता दुसऱ्या खुणा कोण करणार?"

"तोच. कोऱ्या यादीवर. माझ्या खणाला कुलूप लावून. आणि माझी यादीही मी पहिल्यापासून करते."

दादाने खुर्ची फरफटत पलीकडच्या भिंतीशी नेली. टेबलावर बोट आपटत तो पहिल्या शब्दाचे तुकडे मोजू लागला, मुद्दाम मोठ्याने. मी चडफडत कानांत बोटं घातली. त्याचे तुकडे मला ऐकून चालणार नव्हते.