ड्यूटेरियमचा रकाना

इटलीतल्या बारी शहरातल्या आमच्या संस्थेत मतभेद कॉफीच्या यंत्रापाशी मिटतात. बैठक नंतर भरते, ते मिटल्याची नोंद करायला.

थंड प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, हायड्रोजनच्या रेणूवर इलेक्ट्रॉन आदळला, तर ऋण आयन बनण्याची शक्यता किती, याचा जुना तक्ता सुधारून नव्याने छापायला जायचा होता. रकाने तीन: साधा हायड्रोजन, जड ड्यूटेरियम, त्याहून जड ट्रिटियम. ड्यूटेरियमचं गणित करण्यात माझी तीन वर्षं गेली होती. माझा आकडा तक्त्यात जावा, एवढंच मला हवं होतं.

त्या जागी प्रोफेसर लातेर्झांचा आकडा तीस वर्षं बसून होता.

"तुझा आकडा माझ्याशी जुळत नाही, नुन्झिया," ते म्हणाले.

"दोनशे पटींनी जुळत नाही, सर. तुमचा आला कुठून?"

"साध्या हायड्रोजनचाच घेतला. रसायन तेच तर आहे."

"पण अणू दुप्पट जड आहेत. इलेक्ट्रॉन रेणूत क्षणभरच अडकतो. तेवढ्यात अणू एकमेकांपासून दूर गेले, तरच आयन बनतो. जड अणू हळू सरकतात, इलेक्ट्रॉन निसटतो."

"अगं, हे मी तुझ्या जन्माआधी शिकवत होतो."

"मग वापरलं का नाही?"

तक्त्याच्या समितीचे सचिव दोनातो ताराल्ली कुडुमकुडुम बिस्किट खात होते. "भांडताय कशाला? सरासरी घ्या."

सोयीच्या एककात माझा आकडा एक, सरांचा दोनशे. सरासरी शंभरच्या किंचित वर. बरोबर आणि चूक यांच्या मिश्रणातून शंभरपट चूक तयार झाली आणि तिला 'शिफारस केलेलं मूल्य' असं भारदस्त नाव मिळालं. सगळे खूश. चुकलेल्या माणसाचा मान राहिला आणि न चुकलेल्या बाईला समंजस म्हणवून घेता आलं.

"ट्रिटियमचं काय?" दोनातोंनी विचारलं.

"ते मी कधी केलंच नाही," लातेर्झा म्हणाले. "हिचंच घाला. ट्रिटियम कोण बघतंय? आणि हिचं नाव पहिलं टाका. लोकांच्या पत्रांना उत्तरं देत बसायचं आता माझं वय नाही."

नाव काढून घ्यावं, असं मनात आलं. मग मी तिन्ही रकाने पाहिले: दोनशे, शंभर आणि एकदम शून्य दशांश शून्य तीन. आलेख काढणाऱ्या कुणालाही मधला बिंदू खटकणारच होता, आणि पत्र पहिल्या नावाला, म्हणजे मलाच, येणार होतं. मी सही केली.

तक्ता छापून आल्यावर नवव्या दिवशी जपानहून पत्र आलं. ड्यूटेरियमच्या रकान्यात छपाईची चूक आहे का? मी कळवलं, छपाई उत्तम आहे. सोबत माझं मूळ गणित जोडलं. आजवर चौदा जणांना ते पाठवलंय.

"पत्रं येतात का गं?" लातेर्झा अधूनमधून विचारतात.

"येतात ना, सर. तुमचा आकडा कसा काढला, सगळे विचारतात."

ते सुखावतात.