जावेच्या हातात गेलेलं लॉगिन

कंपनीत कोणीही नवं आलं की त्याचं नाव आधी थोरल्या जावेच्या सर्व्हरवर चढायचं, मगच त्याचा संगणक उघडायचा. कोणाला काय दिसावं, काय दिसू नये, हे तीच ठरवायची. पासवर्ड विसरलेले मोठमोठे साहेबसुद्धा तिच्या टेबलापाशी येऊन कान खाजवत उभे राहायचे.

धाकटी जाऊ नोकरी शोधत होती तेव्हा थोरलीनंच तिच्यासाठी शब्द टाकला होता. ती थोरलीच्याच विभागात आली, कामाला वाघ निघाली आणि सगळ्यांची लॉगिनं क्लाउडवर न्यायची ठरल्यावर साहेबांनी ते काम धाकटीकडे दिलं. थोरलीला म्हणाले, "तुम्ही तिला मदत करा."

मदत! इतकी वर्षं थोरलीचं असलेलं काम, आणि आता तिनंच मदतनीस व्हायचं! त्यात घरी सासूबाई येईल त्याला सांगत सुटल्या, "आमच्या धाकटीनं अख्खी कंपनी ढगात नेऊन ठेवली हो!" थोरली भांडी जरा जास्तच जोरात विसळायची.

जुना सर्व्हर बंद करण्याच्या आदल्या दिवशी धाकटीनं विचारलं, "ताई, काही राहिलंय का हो? तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

राहिलं होतं. गोदामातली माल तपासायची हातयंत्रं अजून जुन्या सर्व्हरलाच विचारून चालू व्हायची. थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात साहेब आले, धाकटीला म्हणाले, "तू आहेस म्हणून मला घोर नाही."

"काही नाही राहिलं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम ठप्प. दारात ट्रकांची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवताहेत, गोदामप्रमुखाचा फोनवर आरडाओरडा. साहेबांनी सगळ्यांसमोर धाकटीला फैलावर घेतलं. थोरली मान खाली घालून बसली. याच घडीची ती वाट बघत होती, पण आता तिला धाकटीकडे बघवेना.

"विचारून घ्यायचं होतंस ना कुणाला!" साहेब ओरडले.

"माझंच चुकलं," धाकटी म्हणाली. "ताईंना विचारलं होतं, पण इतकी जुनी गोष्ट त्यांच्या तरी कशी लक्षात राहावी?"

थोरलीला ते चाबकासारखं लागलं. कामात पुढे होतीच, आता चांगुलपणातही हीच पुढे! त्या रागातच ती उठली.

"लक्षात होतं माझ्या. मुद्दाम नाही सांगितलं."

साहेब बघतच राहिले.  धाकटीनं जुना सर्व्हर पुन्हा चालू केला आणि गोदामाकडे निघाली. थोरली मागोमाग गेली. यंत्रं नव्या लॉगिनवर आणेपर्यंत दुपार उलटली. गोदामप्रमुखानं आभार मानले, तेही धाकटीचेच. थोरलीला तेवढ्यातही झोंबलं.

परतताना धाकटी थांबली. "तुम्हाला मी तोंडघशी पडायला हवं होतं?"

"हो."

"मग झालं समाधान?"

"नाही गं. कसलं समाधान! तुझ्याऐवजी माझंच तोंड काळं झालं."

"ते बरं झालं," धाकटी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

साहेबांनी थोरलीला लेखी ताकीद दिली. घरी धाकटीनं कुणाला काही सांगितलं नाही, पण थोरलीशी ती कामापुरतंच बोलू लागली. सासूबाई विचारायच्या, "तुमचं काही बिनसलंय का?" दोघी एकदमच म्हणायच्या, "छे!"

दुसऱ्या शाखेचं काम निघालं तेव्हा धाकटी थोरलीच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली.

"या वेळी आधी बोला. सगळं."

थोरलीनं सगळं सांगितलं, अगदी फाटकावरच्या हजेरीयंत्रापर्यंत. काम बिनबोभाट पार पडलं. साहेबांनी सगळ्यांना कौतुकाचा मेल पाठवला, त्यात नाव एकट्या धाकटीचं. थोरलीनं तो दोनदा वाचला, आपलं नाव कुठे दिसतंय का बघत. मग तिनं खाली "अभिनंदन" एवढंच लिहिलं, आणि तेही पाठवायला तिला बराच वेळ लागला.