बाबा कॅमेऱ्यात बघतात

मी भुताच्या सिनेमांचे ट्रेलर बनवते. म्हणजे अख्ख्या सिनेमातून दोन मिनिटं अशी काढायची, की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात ठेवावा आणि बोटांच्या फटीतून बघत राहावं. आमच्या घरात याला कुणी काम म्हणत नाही. आत्या तर सगळीकडे सांगत फिरते, "ती ना, जाहिरातींचं काहीतरी करते." करू दे! तिच्याशी वाद घातला तर माझंच डोकं उठतं.

बाबा मात्र याच धंद्यातले. ते शिंपी. जन्मभर सिनेमावाल्यांचे कपडे शिवले, आणि आई शेजारी बसून काजं-बटणं करत आली. अशाच एका भुताच्या सिनेमात पोस्टमनचं एवढंसं काम होतं. त्या नटाने माप द्यायलाही तोंड दाखवलं नाही, म्हणून बाबांनी गणवेश स्वतःच्या अंगावर बेतला. शूटिंगच्या दिवशीही तो पठ्ठ्या आला नाही. दिग्दर्शक म्हणाले, "मास्तर, तुम्हीच घाला आणि उभे राहा दारात." बाबा उभे राहिले. झालं! त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. शेजारी, दातांचा डॉक्टर, आत्याच्या सासरची माणसं, कुणाला म्हणून सोडलं नाही. "सिनेमा लागला की यायचं हं सगळ्यांनी. दार वाजवतो तो मी."

मग तोच सिनेमा ट्रेलरसाठी माझ्याकडे आला. मी बघायला बसले. दार वाजलं, नायिकेने उघडलं, उंबऱ्यावर नुसतं पत्र पडलेलं. बाबा कुठेच नाहीत. मी तडक दिग्दर्शकांना फोन लावला. ऑफिसात आम्ही त्यांना गंभीर साहेब म्हणतो, कारण हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही.

"कापलं," ते म्हणाले. "तुमचे वडील सरळ कॅमेऱ्यात बघतात हो. वर हसतात! शॉट वाया. बरं, ट्रेलर कधी देताय?"

अशी तिडीक गेली डोक्यात! पण त्यांचंही चूक नव्हतं, त्यामुळे तर जास्तच राग आला. घरी सांगायला गेले, तर बाबा आरशासमोर उभे राहून हवेत दार वाजवत होते. "असं वाजवलं बघ," म्हणाले. "घाईत नाही. सावकाश." मी म्हटलं, "छान वाजवता बाबा." आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

तिकडे ट्रेलरनेही जीव खाल्ला. गंभीर साहेबांच्या हुकमाप्रमाणे मी सगळ्या किंकाळ्या, सगळं रक्त, भुताचे सगळे अवतार त्यात कोंबले. निर्मातीबाईंनी तो बघून चक्क जांभई दिली. "अगं, भूत तर सगळं इथेच दाखवलंस. मग लोकांनी तिकीट काढून काय बघायचं?"

बाईंचं खरं होतं. माणूस भुताला घाबरत नाही, भूत यायच्या आधीच्या वेळेला घाबरतो. मी भूतच काढून टाकलं. राहिलं काय? भर दुपार, नायिका केस विंचरत गुणगुणते आहे. दार वाजतं. ती थांबते. इथे मी संगीतही बंद केलं. संगीत असलं की माणसाला आधार असतो. ते गेलं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येतो. पुन्हा दार वाजतं. सावकाश. तिचा हात कडीकडे जातो.

पण दारापलीकडे काय? रिकामा जिना लावून बघितला, फुसका. काळोख लावला, नुसता एक हात दाखवला, सगळं पाणचट. वैतागून म्हटलं, जाऊ दे, निदान बाबांना तरी बघू, आणि सिनेमासोबत आलेल्या चित्रीकरणाच्या ढिगातून तो कापलेला शॉट काढला.

उन्हात बाबा उभे. हातात पत्र. सरळ माझ्याकडे बघतात आणि हळूहळू हसायला लागतात, इतकं प्रेमाने, की जणू कधीची ओळख आहे आणि आता ते मला न्यायला आलेत. देवाशपथ सांगते, पोटची पोर मी, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला!

मी तोच तिथे लावला. नकोसं होईपर्यंत ठेवला. मग काळोख, आणि सिनेमाचं नाव.

निर्मातीबाईंनी बघताना गंभीर साहेबांची बाही घट्ट धरली. साहेबांचा चहा साहेबांच्याच शर्टावर.

"हा... हा कोण?" साहेब म्हणाले.

"तुम्ही कापलेला पोस्टमन."

"पण हा सिनेमात नाहीये! लोक शिव्या घालतील, म्हातारा कुठाय म्हणून!"

"मग घाला परत," बाई म्हणाल्या. बाही अजून सोडली नव्हती. "आणि एकदाच कशाला? येऊ दे की त्याला सारखा सारखा!"

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात नाचले. जिन्यापर्यंत पोचले आणि नाचणं थांबलं. बाबांना वाटतंय, आपण एक चांगला, गोड पोस्टमन केलाय. आणि मी, त्यांच्या लेकीने, न विचारता त्यांचं भूत करून ठेवलं होतं.

ट्रेलर पहिल्यांदा लागला तेव्हा बाबांनी सगळं गणगोत आणलं. मला कुणाला काही सांगायचा धीर झाला नाही. दिवे गेले. गुणगुणणं. दार वाजलं. शांतता. आजूबाजूच्यांचं खाणं थांबलं. कडी निघाली.

बाबा हसले, आणि अख्खं थिएटर किंचाळलं! सख्खी बहीण असून आत्या सगळ्यांत मोठ्याने किंचाळली आणि दातांच्या डॉक्टरच्या अंगावर पडली. पुढून कुणीतरी ओरडलं, "अगं लाव ते दार!"

काळोख झाला. बाबा हलले नाहीत.

"मला बघून ओरडले?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो बाबा. चुकलं माझं, मी आधी..."

"सगळे?"

"सगळे."

आणि बाबा असे हसायला लागले, की आमची रांगच हलायला लागली. "अगं, जन्मभर कपडे शिवले, एकाने हूं की चूं केलं नाही! आणि आज बघ!" त्यांनी माझा हात दाबला. मला रडूच आलं, आनंदाने.

आत्या मागून फणकारली, "मेल्या दादा, जीव गेला असता माझा! कॅमेऱ्यात बघून कशाला हसायचं ते?"

"कॅमेऱ्यात कोण बघतंय?" बाबा म्हणाले. "कॅमेऱ्यामागे तुझी वहिनी उभी होती. शेवटचं बटण लावून नुकतीच बाजूला झालेली. बघत होती, मी कसा दिसतो ते."

आम्ही सगळे आईकडे वळलो. ती अजून पडद्याकडेच बघत होती. अख्ख्या थिएटरात ती एकटी ओरडली नव्हती.

"पुन्हा दाखवतील का गं?" तिने मला विचारलं.