रुपालीचं वाण

रुपाली नावाची बाई कधी जन्मालाच आली नव्हती, तरी संतोषच्या खराडीच्या जुन्या ऑफिसात तिचं आठ वर्षं कौतुक झालं. सुरुवातीला कुणीतरी त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी चाखून विचारलं, "वहिनींनी केली?" आणि त्याने मान डोलावली. एवढाच काय तो गुन्हा. पुढे वहिनींना नाव लागलं, माहेर लागलं, मग पाठदुखीही लागली, कारण त्या एकाही कार्यक्रमाला येत नसत. दर संक्रांतीला ऑफिसातल्या बायका त्यांच्यासाठी हळदीकुंकवाचं वाण पाठवत. स्टीलच्या आठ डब्या धायरीच्या फ्लॅटमध्ये ओळीने उभ्या होत्या, आणि भाजी करणारा बद्रीनाथ त्यांत जिरं-मोहरी भरत होता.

दोघे वाशीमकडचे, अकरा वर्षं एकत्र राहणारे. बद्रीनाथ घरीच गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. रुपालीची तो सवत म्हणून थट्टा करायचा, पण मागच्या संक्रांतीला हसला नाही. "नववी डबी या घरात नाई पायजे मले," म्हणाला.

म्हणून संतोषने नोकरी बदलली. नव्या कंपनीत 'जसे आहात तसे या' असं भिंतीवरच लिहिलं होतं. भिंतीवर काय, लोक काहीही लिहितात. पण विम्याच्या फॉर्मवर जोडीदाराचा रकाना होता आणि तो बाई की पुरुष, याची चौकशी नव्हती. संतोषने 'बद्रीनाथ' लिहिलं. एचआरमधल्या भाग्यश्रीने फॉर्म वाचला. "याची जन्मतारीख राहिली," म्हणाली, बस्स. त्या दिवशी बद्रीनाथने पुरणपोळ्या केल्या. संतोषला मात्र आनंदबिनंद काही झाला नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसं सगळं बधिर. होईल काही दिवसांनी, असं तो धरून चालला.

जानेवारीत भाग्यश्री वाण मांडून बसली. इथे बायका-पुरुष सगळ्यांनाच वाण, आणि घरच्या माणसासाठी नावाची चिठ्ठी लावून एक वेगळी डबी. संतोषच्या मागे टीममधली पाच-सहा माणसं रांगेत होती.

"संतोष, कुणाचं नाव लिहू?"

"रुपाली," तो म्हणाला.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. जीभ नेहमीच्या वाटेने गेली, इतकंच. भाग्यश्रीचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं, जरा वाट पाहिली. चूक सुधारायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

"तू सांगशील तसं," म्हणत तिने नाव लिहिलं.

ती चिठ्ठी वाटेत फाडून टाकता आली असती. त्याला सुचलंही, पण हात हलला नाही. घरी बद्रीनाथने चिठ्ठी वाचली आणि डबी ओळीत नववी ठेवली.

"म्हंजे तिचीबी बदली झाली म्हना," एवढंच बोलला.

भांडला असता तर बरं झालं असतं. संतोष शरम वाटायची वाट पाहत बसला. वाटली नाही.

सकाळी ओट्यावर डबा नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. बद्रीनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागा होता.

दुपारी सगळे डबे उघडून बसले आणि संतोष रिकाम्या हातांनी.

"डबा कुठंय?" शेजारच्या अरफातने विचारलं. काल रांगेत तो अगदी मागेच होता. "रुपालीवहिनी माहेरी गेल्या वाटतं?"

मान हलायलाच लागली होती. पण डोळ्यांपुढे तो मोकळा ओटा आला.

"वहिनी नाहीत," संतोष म्हणाला. "कधीच नव्हत्या. डबा बद्रीनाथ करतो. आम्ही एकत्र राहतो. तो रागावलाय माझ्यावर."

अरफातने हातातली चपाती मोडली आणि अर्धी भाजीसकट झाकणात त्याच्यापुढे सरकवली.

"मग चूक तुझीच असणार," तो म्हणाला. "जेव आधी."

पहिल्याच घासाला संतोषच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भाजी तिखट आहे, असं सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही.