बाळंतिणीची जागा

सोमवारी आणि गुरुवारी आईचे डायलिसिस असे. भिलाईच्या इस्पितळातून दुर्गला, मोहन नगरच्या घरी परतताना आम्ही सिटी बस धरायचो, कारण ऑटोचे हादरे तिला सोसत नसत. बस मात्र आधीच्या पॉवर हाऊसच्या थांब्यावरूनच भरून येई. दुपारभर यंत्राला जोडलेली आई दांडा धरून उभी राहायची आणि मी तिच्या मागे, तोल गेला तर सावरायला. ‘जरा उठता का’, एवढेही कुणाला म्हणणे मला जमत नसे.

एका सोमवारी नेहरू नगरच्या चौकात तिचे गुडघे वाकले. मी तिला धरले. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “भूषण, आता गुरुवारपासून मी येत नाही. मशीन सोसते रे मले, हे उभं राहणं नाही सोसत. होईल ते होऊ दे.”

एकही डायलिसिस चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते तिलाही ठाऊक होते. भोवती सारी हिंदी-छत्तीसगढी बोलणारी माणसे. घरातले बोलणे घरातच राहील, अशा भरवशाने ती मराठीत बोलली होती. मी खिडकीबाहेर, कारखान्याच्या धुराने मळलेल्या संध्याकाळकडे पाहत राहिलो.

गुरुवारी ती आली, पण ‘ही शेवटची खेप’ या अटीवर. परतीची बस नेहमीसारखीच भरलेली होती. आत भांडण चालले होते. तिसऱ्या बाकावर एक थोराड बाई बसली होती आणि शेजारच्या जागेवर तिची रिकामी टोपली.

“अम्मा, टोकरी का भी टिकट लगेगा,” कंडक्टर नरेश ओरडत होता.

“लगा दे. सीट नहीं दूँगी. जच्चा आ रही है हमारी, अस्पताल से.”

बाळंतीण येणार म्हटल्यावर लोक निमूटपणे अंग चोरून उभे होते. तेवढ्यात तिची नजर आमच्यावर पडली. टोपली मांडीवर घेऊन तिने आईचा हात धरला. “बस माय.”

साठीच्या, पांढऱ्या केसांच्या आईकडे सारी बस पाहू लागली.

“ये है जच्चा?” नरेशने कपाळावर हात मारला. “और बच्चा?”

बाईने माझ्याकडे बोट दाखवले. “वो क्या खड़ा है! पच्चीस-तीस साल का हो गया, बोलना अभी तक सीखा नहीं!”

बस हसली. माझे कान तापले. आणि त्या हसण्यात मला एक बारीक, खोकल्यासारखे हसू वेगळे ऐकू आले. ते आईचे होते. आजारपणात ते कुठे हरवले, हे मी स्वतःला कधी विचारलेही नव्हते.

“मी ठकूबाई, गोंदियाकडची,” बाई आईला म्हणाली. “पॉवर हाऊसजवळ, कॅम्प-1च्या बाजारात भाजी विकते. सोमवारी मले उशीर झाला, तं तुमच्या मागंच उभी होती. तुमाले वाटलं, इथं कोणाले समजते!”

आईने मान खाली घातली. “पण तुम्ही कावून एवढा तरास घेतला?”

“तरास कायचा? टोपली तं बसतेच रोज.”

मी आभाराचे एक नीट वाक्य मनात रचत होतो. ठकूबाईला ते दिसले असावे. “राहू दे रे बाबू,” ती म्हणाली, “टोपलीचं तिकीट काढ.”

“भैया,” मी हाक मारली. एवढ्या मोठ्याने मी त्या बसमध्ये कधी बोललो नव्हतो. “तीन सवारी, एक टोकरी.”

नरेश हसला आणि टोपलीचे पैसे घेतलेच नाहीत.

त्या गर्दीत मी कधीही एकटा नव्हतो. मलाच ते माहीत नव्हते. प्रत्येक उतारूचा चेहरा मला ओळखीचा वाटू लागला.

दुर्ग जवळ आले, तेव्हा आई ठकूबाईकडे वळली. “सोमवारी बी याच बसनं जाता का तुम्ही?”

“मंग! पण उशीर केला तं सीट दुसऱ्या बाळंतिणीले देऊन टाकीन.”

“नाही होणार उशीर,” आई म्हणाली.